शनिवारची चाळीस मिनिटं

— नाही हो डॉक्टर, खोक्यावर काय छापलंय त्याला इथं काही अर्थ नाही. हाँगकाँगच्या दुकानदारानं सांगितलं, अप्रूव्ह्ड आहे — कोणी केलं अप्रूव्ह? त्यानंच. हे बघा, सत्तावीस मेगासायकल. असला वॉकीटॉकी इथं इंग्लंडात आणायलाच बंदी आहे, अडुसष्टपासून, सात वर्षं झाली. वापरणं तर सोडाच. कस्टम्सवाल्याला खेळणं वाटलं म्हणून तुम्ही सुटलात. याच पट्ट्यावर इथली माणसं रविवारी रेडिओवर चालणारी विमानं उडवतात — तुम्ही हॉस्पिटलमधून बायकोला विचारणार, जेवलीस का, आणि तिकडं कोणाचं तरी विमान झाडावर. आणि मी काय करायचं? दुकानाच्या लेटरहेडवर दोन ओळी खरडायच्या, की जोडी तपासली, कायदेशीर आहे? कोण म्हणालं मी देते म्हणून? तुमचा तो मित्र, शशी? शशीला सांगा, सिप्पोरा पेणकर खोटं सर्टिफिकेट देत नाही. मुंबईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नऊ वर्षं काढली, कधी कोणाचं बोलणं चोरून ऐकलं नाही. — बसा, बसा हो, रागावले नाही मी. अकराला एक साहेब यायचेत, तोवर स्लाऊमध्ये कोणाला रेडिओ नको असतो. तुमच्या उल्काला आठवा महिना लागलाय आणि घरी फोन नाही, जीव टांगणीला लागतो, कळतं मला. मग फोनचा अर्ज करा, त्यात बाळंतपणाचं कारण लिहा. नंबर लवकर लागतो.

तो? कपाटातला? तो वेगळा. तोही हातात धरायचाच, तोही बाहेरचाच, जपानी — आणि तो चालतो. कसा काय? तो हौशी लोकांच्या बँडवरचा, दोन मीटरचा. तिथं सरकार डब्याला सर्टिफिकेट मागत नाही, माणसाला मागतं. परीक्षा द्या, लायसन्स घ्या, मग डबा जपानचा असो नाहीतर तुम्ही घरी मडक्यात बसवलेला असो — जबाबदारी तुमची. मला आवडतं ते. लायसन्स माझं आहे. हो, माझं. भिंतीवर वाचा, मिसेस एस. पेणकर. सगळ्यांना आधी यांचंच वाटतं. आमचे हे, गिडियन — मागच्या खोलीत आहेत, जरा हळू बोलू — तीनदा बसले परीक्षेला. हात असा की कुठलाही मेलेला सेट उठवतील, पण पेपर पुढ्यात आला की तोच हात एक ओळ लिहीत नाही. सोबत म्हणून मीही फॉर्म भरला, आणि पास झाले मी. पहिल्याच खेपेला. त्या दिवशी जेवले नाहीत. पण हनुक्काच्या सणाला हा सेट त्यांनीच आणला, म्हणाले, तुझ्यासाठी. आता नियम एवढाच, की ज्याचं लायसन्स त्यानं बोलायचं. नवऱ्यानं नाही. आणि बोललं की लॉगबुकात लिहायचं — तारीख, वेळ, कोणाशी. कोण बोललं त्याचा एक रकाना मी माझ्या पदरचा आखलाय. नीट असावं सगळं.

आणि शनिवारी बंद. आम्ही बेने इस्राएल, डॉक्टर — कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा फिरवत नसत म्हणून. आता घाणा गेला, बटण आलं. शब्बाथला बटण दाबायचं नाही, पेन धरायचं नाही. पण शुक्रवारी दिवे लावायच्या आधीच दाबलेलं बटण तसंच राहिलं, तर त्यात माझं काय पाप? म्हणून वरचा मोठा सेट मी शुक्रवारीच लावून ठेवते, आवाज अगदी बारीक. ऐकत बसते. कोणाच्या टोमॅटोला कीड लागली, कोणाचा गुडघा धरला. यांना पत्ता नाही — हे दुपारी कालव्यावर फिरायला जातात, त्यांना वाटतं मी झोपते.

तर तीन आठवड्यांपूर्वीचा शनिवार, ऑक्टोबरची अठरा, तीन वाजून दहा मिनिटं — आणि माझा कॉलसाइन, लायसन्सवरचा माझा नंबर, ऐकू आला. माझा. यांच्या आवाजात. कपाटातून माझा सेट घेतला, कोटात घातला, शब्बाथ असून काठावर उभं राहून बोलतायत, मेडनहेडच्या कोणा गोऱ्या गृहस्थाशी. आणि काय इंग्लिश हो. म्हणाले, मी पहिल्या फटक्यात पास झालो. म्हणाले, सर्किट मी झोपेतही काढतो. त्या माणसानं विचारलं, मिसेसना आवड आहे का यातली? तर म्हणाले — छे, ती साधी बाई आहे, दुकानात बसते. चहा मात्र छान करते.

चाळीस मिनिटं. समोर माइक, हात लांबवला की लागेल असा. बटण दाबून एवढंच म्हणायचं होतं, हा कॉलसाइन माझा आहे, बंद करा. पण शनिवार. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. रडले, हो, रडले, त्यात काय लपवायचं. खोटं बोलले म्हणून नव्हे — खोटं काय, माणूस बोलतो. इतके खूश होते बोलताना, डॉक्टर. सव्वीस वर्षांत माझ्याशी कधी तसे बोलले नाहीत.

संध्याकाळी तीन तारे दिसले, शब्बाथ सुटला, मग लॉगबुक उघडलं. तारीख लिहिली, वेळ लिहिली, मेडनहेड लिहिलं. कोण बोललं, तो रकाना कोरा आहे. अजून कोरा आहे. यांचं नाव घातलं तर माझं लायसन्स जाईल. माझं घातलं तर शब्बाथ मी मोडला, असं माझ्याच अक्षरात. यांना अजून माहीत नाही मी ऐकलं ते. चहा करते रोज, पितात. आणि काल होम ऑफिसचं पत्र, लायसन्स देणारं सरकारी खातं ते — बाईच्या लायसन्सवर पुरुषाचा आवाज आला अशी तक्रार आहे, लॉगबुक तयार ठेवा, उद्या अकराला आमचा माणूस येईल. मेडनहेडवाल्यानं कॉलबुक, सगळ्या लायसन्सवाल्यांची यादी, उघडलं असणार, त्यात मिसेस छापलंय ना.

डॉक्टर, एक विचारू? घसा बसतो ना माणसाचा? म्हणजे बाईचा — इतका, की ऐकणाऱ्याला पुरुष वाटावा? मेडिकली होतं ना असं? मग तेवढं लिहून द्या की. मिसेस पेणकर, घसा, आवाज घोगरा. तुमच्या सहीचं. तारीख अठरा ऑक्टोबर घाला. शब्बाथचं मी बघेन, वरच्या साहेबांना खरं माहीत आहे, ते काही कागद मागत नाहीत —

असे का बघताय?

हं.

बरोबर आहे. नका देऊ. मी तुम्हाला दिलं नाही, तुम्ही मला का द्यावं? पेन ठेवा खिशात. — तो बघा, रस्त्यापलीकडे, ब्रीफकेसवाला, पाट्या वाचतोय. अजून दहा मिनिटं आहेत अकराला, ही माणसं वेळेच्या आधीच. तुमचा तो डबा कोटाखाली घ्या आणि सरळ चालू लागा, त्याच्याकडे बघू नका. उल्काला जपा. फोनचा अर्ज आजच टाका. जा.

— गुड मॉर्निंग, सर. वन मिनिट, प्लीज. — अहो, ऐकलंत का? बाहेर या जरा. कालव्यावरच्या त्या शनिवारचं विचारायला साहेब आलेत. हो, तोच शनिवार. वरचा सेट चालू होता. या, बसा इथं, तुम्हीच सांगा त्यांना काय ते. इंग्लिश छान बोलता तुम्ही. मी चहा ठेवते.