मयताचं लाकूड मागायचं नसतं

…आणि वर मलाच म्हणतात, इत्तो, तुझ्यामुळं गाव खोकतंय! आता तुम्हीच सांगा बायांनो… जरा ती बादली सरकव गं, पाय पसरू दे… तुम्हीच सांगा, मी लाकूड विकते का धूर विकते? चूल तुमची, शेगडी तुमची, धुराडं तुमचं, आणि खोकल्याची मालकीण मी? ज्या गरम पाण्यानं तुम्ही तासभर पाठी घासताय ते काय आभाळातून तापून आलं? या हमामच्या भिंतीपलीकडं भट्टी आहे, तिच्यात माझ्याच वखारीचं ओक जळायचं. जळायचं म्हणजे, आता नाही जळत, आता मालक ऑलिव्हचा चोथा घालतो, म्हणून तर पाणी असं कोमट… असो. मी भांडत नाही हं, नुसतं सांगतेय.

वखार माझ्या सासऱ्याची. तेव्हा आजूबाजूला होतं काय, गाढवं आणि चिखल. मग शेजारी ती पिवळी इमारत उठली, सज्जे-बिज्जे काढलेली, आणि तिसऱ्या मजल्यावर राहायला आले उस्ताद अल्लाल. शाळेत भूगोल शिकवायचे, आता निवृत्त. या गावातल्या निम्म्या लोकांना नद्यांची नावं येतात ती त्यांच्यामुळं, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनीच नापास केलंय, सख्ख्या भाच्यालासुद्धा! आयुष्यात खोटं बोलले नाहीत. अशा माणसाचा शेजार म्हणजे काय असतं ते मला विचारा. बरोबर त्यांची आई, हज्जा तूदा, म्हातारी, गोड बाई, पण छाती पार गेलेली. हिवाळा लागला की तिचा खोकला खाली माझ्या गल्ल्यापर्यंत ऐकू यायचा.

उस्ताद सज्ज्यातूनच बोलायचे. ‘इत्तो, भुसा उडतोय.’ उडणारच की, लाकूड कापल्यावर काय गुलाबपाणी उडेल? ‘इत्तो, ट्रक पहाटे आला.’ ट्रक डोंगरातून येतो उस्ताद, त्याला काय घड्याळ बांधू? ‘इत्तो, अशानं जंगल संपेल.’ म्हटलं, प्रत्येक ओंडक्यावर वनखात्याचा शिक्का आहे, मोजून घ्या, जंगल मी नाही संपवत, मला फक्त ते संपताना दिसतं! पण खरं सांगायचं तर हिवाळ्यात संध्याकाळी गावावर धूर उतरतो, समोरचा मिनार दिसत नाही, हे मलाही दिसायचं. मी काय आंधळी आहे? पण डोंगरातली थंडी, लेकरंबाळं, लोकांनी शेकायचं कशावर, भूगोलाच्या पुस्तकावर?

मग त्यांनी नगरपालिकेत तक्रार केली. समिती आली. एकानं भुशात बोट घालून वास घेतला. दुसऱ्यानं आवाज मोजायचं यंत्र काढलं, करवत बंद होती, तरी त्यानं गंभीरपणे मान हलवली. मग नियम. करवत सकाळीच चालवायची. बरं. ढिगावर ताडपत्री घालायची. घातली. मग म्हणे वखार गावात नकोच, गावाबाहेर खाणीपाशी जागा देतो. तिथं रस्ता? होईल. वीज? येईल. आणि गिऱ्हाईक? त्यावर समितीनं चहा मागितला. पुदिना जास्त घाल म्हणाली! मी भांडत नाही हं, नुसतं सांगतेय.

शेवटी ठरलं की वसंतात सुनावणी, तोवर वखारीला सील. आणि सील ठोकायला कोण यावं? आमचा मुकद्दम, सी बूअज्जा, मोहल्ल्यातला सरकारचा डोळा आणि कान. आदल्या दिवशी गाढवगाडी घेऊन आला, घरची हिवाळ्याची लाकडं भरून नेली, आणि दुसऱ्या दिवशी तोच फाटकाशी उभा, हातात साखळी, कुलूप आणि तांबड्या लाखेचा गोळा. ‘मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस, माझ्या पोटावर पाय येईल.’ म्हटलं बाबा, तुझं पोट शेकायची सोय झाली, आता ठोक. जाताना बजावून गेला की सील शाबूत राहिलं तर सुनावणीत आशा आहे, वखार इथंच राहील, पण तुटलं तर सरळ खाणीकडं. रोज सकाळी उठून मी त्या लाखेच्या गोळ्याकडं बघायची, तान्ह्या पोराकडं बघावं तसं. विधवा बाईजवळ वखारीशिवाय दुसरं आहे काय?

आणि मग तो बर्फ पडला. तुम्हाला आठवतोय ना? खाली मेकनेस शहराकडं जाणारा रस्ता बंद, गॅसच्या टाक्या खालीच अडकल्या, वखार बंद म्हणून गल्लीत ज्याच्या त्याच्या घरी लाकडाची बोंब. ऐन त्यातच एका सकाळी वरून रडणं ऐकू आलं. हज्जा तूदा गेली.

आता आमच्या वखारीची एक रीत आहे, सासऱ्याच्याही आधीपासूनची. मयताच्या घरानं लाकूड मागायला यायचं नसतं. रडणं कानावर आलं की वखारवाल्यानं आपणहून न्यायचं, मयताच्या आंघोळीच्या पाण्यापुरतं आणि तीन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जेवणापुरतं. तोलायचं नाही, पैशाचं नाव काढायचं नाही. दुःखातलं माणूस तुमच्या फाटकाशी येऊन मागायला लागलं, तर लाज त्याची नाही, वखारीची.

मी फाटकाशी उभी. समोर साखळी, कुलूप, लाखेचा गोळा. मनात आलं, इत्तो, तुला कोण बोल लावणार? नियम त्यांचा, तक्रार त्यांची, सील त्यांचं, आता गॅसवर तापवा म्हणावं पाणी. खोटं कशाला बोलू, घटकाभर बरंसुद्धा वाटलं! तेवढ्यात उस्ताद सज्ज्यात आले. डोक्यावर टोपी नाही, पायात मोजे नाहीत. माझ्याकडं बघितलं, सीलकडं बघितलं. ते इथलेच, रीत त्यांना ठाऊक. आणि त्यांनी तोंड फिरवलं. मागायचं नाही म्हणून. बायांनो, त्यांनी मागितलं असतं ना, तर मी कदाचित नाही म्हटलं असतं, आणि चांगले दोन शब्द सुनावून म्हटलं असतं. पण जो मागतच नाही त्याला नाही कसं म्हणायचं?

घरातून कुऱ्हाड आणली. एक घाव, लाख उडाली. दुसरा घाव, कुलूप.

मागं छपराखाली दोन उन्हाळे वाळवलेलं ओक होतं, माझ्या स्वतःच्या शेगडीसाठी ठेवलेलं, ते काढलं. ओलं लाकूड धुरतं, आणि हज्जाच्या छातीला धूर सोसत नव्हता. तुम्ही म्हणाल, मेलेल्या बाईला काय कळतं. मला कळत होतं ना! पाठीवर घालून नेलं, इमारतीच्या अंगणात चूल मांडली, हंडा चढवला. बायका वरून तांबे घेऊन येत होत्या, गरम पाणी नेत होत्या, आणि मी लाकडं सारत बसले होते, रडत होते, आणि लाकूड इतकं सुकं की धुराचं निमित्तही सांगता येईना. दुपारच्या नमाजेनंतर तिला बर्फातून वाट काढत नेलं. तीन दिवस त्या चुलीवर मसूर-चण्यांचा दाट हरीरा शिजला, सगळी इमारत जेवली.

मग बर्फ वितळला, रस्ता उघडला, आणि गॅसच्या टाक्यांच्या आधी वर कोण आलं? समिती! सील कोणी तोडलं? तर आमच्या गल्लीला असं तोंड फुटलं म्हणता! चांभार म्हणाला, वाऱ्यानं. भट्टीवाला म्हणाला, गाढवानं लाथ मारली. कुठलं गाढव? ते मेलं. आणि मुकद्दम, सी बूअज्जा, तो खाली बघत म्हणाला, साहेब, लाख थंडीनं तडकते. मला भरून आलं, म्हटलं लाकडं कामी आली. समितीवालाही भला माणूस, ‘थंडीनं’ असं लिहायला त्यानं पेन उघडलं. आणि उस्ताद जिना उतरून आले.

‘तिनं तोडलं,’ म्हणाले. ‘कुऱ्हाडीनं. माझ्या आईच्या पाण्यासाठी. मी सज्ज्यातून पाहिलं.’

चांभारानं कपाळावर हात मारला. समितीवाला हळूच म्हणाला, मग उस्ताद, तक्रार तरी मागं घेताय ना?

‘नाही. तक्रार खरी आहे. आईच्या छातीत धूर होता, डॉक्टरांनी मला दाखवला. आणि हिनं जे केलं ते माझ्या भावानं केलं नाही, तेही खरं आहे. दोन्ही लिहा.’

समितीनं एवढंच लिहिलं की सील तुटलं.

मला राग आला? आला की, अजून येतो. पण रात्री आडवी पडले की दुसरंच डोक्यात येतं. त्या म्हातारीच्या छातीत जो धूर होता, त्यातला माझ्या वखारीचा किती? कोण सांगणार? अख्खं गाव माझ्याकडून लाकूड नेत होतं. मी विकलं, त्यांनी जाळलं, तिनं धूर ओढला. आणि शेवटचं पाणी तिला त्याच लाकडानं मिळालं. यात मी कुठं उभी राहायचं, चांगल्यांत का वाइटांत, हे काही मला उमगत नाही बायांनो. मी भांडत नाही, खरंच भांडत नाही.

आता वखार आहे खाणीपाशी. रस्ता झाला नाही, वीज आली नाही. वारा असा की ताडपत्री उडून दुसऱ्या तालुक्यात जाते. गिऱ्हाईक इतक्या लांब कशाला येईल? एकच माणूस येतो, काठी टेकत, अख्खा चढ चढून. उस्ताद. पहिल्या दिवशी मला वाटलं, माफी मागायला आले असतील. कसली माफी! ओंडक्यावर बसले, मी दिलेला चहा प्यायले, आईबद्दल थोडं बोलले. मग झग्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘इत्तो, इथंही भुसा उडतो.’

म्हटलं, उस्ताद, इथं माणूस नाही, काणूस नाही, भुशाचा त्रास होणार कोणाला?

‘मला होतो ना,’ म्हणाले. ‘मी आता रोज येणार.’

आणि येतात! गिऱ्हाईक दिवसेंदिवस फिरकत नाही बायांनो, पण तक्रार मात्र रोज घरून चालत येते, आणि तिला चहाही मलाच पाजावा लागतो.