धण्यानंतरचा पाला

हसा, हसा! लालबागच्या चाळीत गॅलरीभर झाडाचा पाला वाळत घालणारा माणूस बघितला नसेल ना कधी? तो मी, धोंडू. तुम्हाला सांगतो, बायकोपायी चाललंय हे सगळं... सीमा गावी गेली ती तिच्या आईचे दिवस करायला. तेरा दिवसांसाठी! झाले अकरा महिने. म्हातारीने मागे ठेवल्या चार शेळ्या, त्या हिच्याने विकवत नाहीत, आणि मी जाऊन राहीन म्हटलं तर दादरच्या दुकानात रजा मिळते दोन दिवस! फोन केला की हिचं एकच, ‘शेरडां शेजारीण बघतली, पण उन्हाळ्यात हिरवो चारो खंय? पाल्याची सोय झाली काय येतंय.’

म्हणजे सोय झाली की येणार! म्हटलं, करतो सोय! मोबाईलवर एक साहेब सांगतात, ‘मित्रांनो, वेगळा पाला वापरा! सुबाभूळ! सावलीत सुकवा, कुटा, कोंडा, गूळ, मीठ घालून विटा पाडा!’ आमच्या बाबांनी साच्यावर कापड विणलं त्या बंद गिरणीत आता सुबाभूळच माजलीय. वॉचमनला चहा पाजून गोणी भरली, सुकवला पाला. पण कुटणार कुठे? अहो, लालबागेत राहून हा काय प्रश्न झाला? गेलो अण्णाच्या मसाल्याच्या डंकावर. अण्णा म्हणतो, ‘धोंडू, कसला मसाला रे हा?’ म्हटलं, शेळ्यांचा. आणि त्या शहाण्याने संकेश्वरी मिरची कुटून झाल्या झाल्या त्याच उखळात माझा पाला ओतला!

विटा एसटीने गेल्या. तिसऱ्या दिवशी फोन, ‘अहो, शेरडां शिंकतत!’ म्हटलं, शिंकू देत, तू तरी ये गं! ‘पाल्याची सोय झाली काय येतंय.’

गॅलरीत पाल्याला जागा पुरत नाही, तरी तिची साड्यांची दोरी मी रिकामी ठेवलीय. आठवण येते हो... रोज येते.

दुसऱ्या वेळी अण्णाला बजावलं, धण्यानंतर कुट. काय सांगू! शेळ्यांनी टोपली चाटूनपुसून साफ केली, दुधाला वाढल्या! सीमा फोनवर हसली, किती दिवसांनी हसली! म्हटलं, ‘झाली ना सोय? येतेस ना?’

‘येतंय तर! पण एवढो बरो पाला गावता म्हणान आणखी दोन शेरडां घेतलंय. त्यांच्या पाल्याची सोय झाली काय येतंय.’

आता तुम्हीच सांगा, पाला वाईट केला तर शेळ्या उपाशी, आणि चांगला केला तर मी! चला, उठतो... अण्णाचे धणे कुटून होत आले असतील.