तिसऱ्या खांबाखालचा भुसा

तुमाला सांगतो, माझ्यापायी आमचं मासवणकडचं लुथरन चर्च पडणारच होतं! माझ्या आज्याने खिळे न मारता, नुसत्या लाकडी खुंट्या ठोकून उभं केलेलं सागाचं चर्च हाय ते. पण दर रविवारी तिसऱ्या खांबाखाली भुसा दिसायला लागला.

पाळकसाहेब रडवेले झाले. "खांब किडलाय. पाडून सिमेंटचं बांधावं लागेल."

बोईसरहून सुतार बोलावला. त्याने खांब ठोकून पाहिला, भुसा चिमटीत घेऊन हुंगला आणि हसला. "साब, लकडी एकदम पक्की है. ये तो तंबाखू है!"

सगळे माझ्याकडे वळले. लांबलचक उपदेश चालू असताना त्याच खांबाला टेकून मी तंबाखू मळतो ना!

पाळकसाहेबांनी मला आनंदाने मिठीच मारली. म्हणाले, "काका, चर्च वाचलं! आता रविवारी तुम्ही पहिल्या बाकावर, माझ्या डोळ्यांसमोर."

तिथे टेकायला खांबच नाय.