कोणी केलंय हे काम?

...नाही, मला एक सांगा, विद्यार्थ्यांनी मास्तरला नापास केलेलं तुम्ही कुठं ऐकलंय? तेसुद्धा परदेशात, पाहुण्यांच्या देखत, वर टाळ्या! मला अजून खरं वाटत नाही हो! अहो, मी साधा नळाची कामं करणारा माणूस, प्लंबर. कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा सगळा घोळ घातला आमच्या मेहुण्यानं!

हा मेहुणा, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, कुठल्याशा हॉटेलात कसल्याशा व्यवसाय मेळाव्याला जाऊन आला आणि चपला काढायच्या आधीच सुरू, "भावोजी, वाढती बाजारपेठ! तिकडं परदेशात इमारतींवर इमारती उठतायत आणि नळ जोडायला माणूस नाही! त्यांना नुसते कारागीर नकोत भावोजी, कारागिरांना शिकवणारे हवेत! संधी आहे, संधी!" म्हटलं, अरे बाबा, मी जन्मात कधी कुणाला शिकवलंय? तर म्हणे, "म्हणूनच! मास्तर म्हणून तुमचं नाव अजून खराब झालेलं नाही!" घ्या!

आणि अट काय, तर तीन महिने एक तुकडी शिकवायची. ती परीक्षेत चमकली की प्रमुख मास्तरची कायमची नोकरी, राहायला घर, बायकोलाही बोलावून घ्या! ही तर लगेच शेजारच्या काकूंना सांगून आली, "आम्ही चाललो हं!" आता बायकोनं काकूंना सांगितल्यावर माघार कुठली? दुकानाचं शटर ओढलं आणि आधी एकटाच निघालो.

तिथं जाऊन बघतो तर... अहो, काय ती संस्था! भिंतींवर ओळीनं बेसिनं, खाली नवे कोरे पाईप, आणि समोर निळे डगले घालून उभे विद्यार्थी. सगळ्यांत पुढं चाळिशीचा एक ताडमाड गडी. त्याचं नाव मला उच्चारता येईना, म्हणून मी त्याला लंबू म्हणायला लागलो. आणि भाषा? माझी त्यांना येत नाही, त्यांची मला येत नाही! म्हटलं, "बाई, शिकवू कसं?" तर तिथल्या संचालकबाई दुभाष्याकरवी म्हणतात, "काळजी करू नका. तुम्ही जे जे कराल ते ते हे करतील." जे जे! लक्षात ठेवा हं हा शब्द! मी नाही ठेवला, तिथंच फसलो!

आता तुम्हाला सांगतो, आमच्या धंद्यातला कुणीही कामावर गेला की आधी काय करतो? पिशवी खाली. हात कमरेवर. मान तिरकी करून बेसिनखाली बघतो आणि... "च्च! कोणी केलंय हो हे काम?" काम बरं असो, वाईट असो, म्हणायचंच! गवंडी म्हणतो, वायरमन म्हणतो, शिंपी म्हणतो, अहो, दातांचा डॉक्टरसुद्धा तोंडात आरसा घालून तेच म्हणतो! आपल्या आधी येऊन गेलेला तो गाढव, हे एकदा ठरल्याशिवाय हातात पाना धरवतच नाही!

तर पहिल्या दिवशी मी सवयीनं म्हणून गेलो. झालं! दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी... पिशव्या खाली, हात कमरेवर, माना तिरक्या, आणि एका सुरात, "च्च! कोणी केलंय हो हे काम?" मी उडालोच! म्हटलं, अरे नाही, नाही, हे नाही शिकायचं! असे दोन्ही हात हलवले. तर त्यांनीही दोन्ही हात हलवले! मला अजून खरं वाटत नाही हो!

बरं, बोलल्याशिवाय मला काही सुधरत नाही आणि तिथं ऐकणारं कोण? मग रोज संध्याकाळी हिला फोन लावून दिवसभराचा सगळा धडा म्हणून दाखवायचा. "नट आधी हातानं आवळायचा, मग पान्यानं अर्धा फेरा! हा अर्धा फेरा राहिला की गळालंच म्हणून समज!" आणि ही तिकडून, "हं... पुढं?" मला वाटलं, प्रेम!

परीक्षेचा दिवस आला. संस्थेत एक नमुन्याचं न्हाणीघर उभं केलेलं, सगळं काम माझ्या हातचं. जरा घाईत झालेलं, पण चकाचक! विद्यार्थ्यांनी ते तपासून बरोबर आहे का सांगायचं. बांधकाम कंपन्यांचे मालक, कसले कसले अधिकारी, पहिल्या रांगेत बाई. माझा जीव टांगणीला, कारण घर काय, नोकरी काय, सगळं त्या लंबूच्या हातात. लंबू आत गेला. पिशवी खाली. हात कमरेवर... अरे नको रे!

"च्च! कोणी केलंय हो हे काम?"

एक मालक दुभाष्याला विचारतो, काय म्हणतोय हा? त्या शहाण्यानं अर्थ सांगितला! आणि बाई चटकन मला पुढं ओढून म्हणतात, "ह्यांनी!" केवढ्या कौतुकानं! तेवढ्यात लंबूनं खाली हात घातला, बेसिनचा नट दोन बोटांनी फिरवला आणि तो फिरला हो! नुसता हातानं आवळलेला! पाणी ठिबकायला लागलं, लंबूनं पान्यानं अर्धा फेरा दिला, पाणी बंद, आणि टाळ्यांचा कडकडाट! अहो, घाईत राहतो एखादा! कुणाचा राहत नाही?

निकाल? तुकडी चमकली! सगळ्यांना जागच्या जागी नोकऱ्या! बाई माझा हात हातात घेऊन म्हणतात, "तुम्ही इतकं छान शिकवलंत, की आता तुमची गरजच उरली नाही!" प्रमुख मास्तर कोण? लंबू! मला अजून खरं वाटत नाही हो!

तोंड लपवत घरी आलो. हात धुवायला स्वयंपाकघरात गेलो तर आमचा नळ, जो लग्नापासून टपटपतोय... गप्प! एक थेंब नाही! खाली वाकून बघितलं, काम कसं चोख! हात आपोआप कमरेवर गेले. "कोणी केलंय हे काम?" आयुष्यात पहिल्यांदा खरंच विचारलं हो!

ही म्हणाली, "मी." "तू?" "रोज तासभर कानात ओतत होतात ना? बसले करून." नुसता नळ नाही, दुकानाचं शटरही उघडलेलं!

दुसऱ्या दिवशी म्हणते, "पिशवी घ्या, काकूंचं बेसिन गळतंय." मी पिशवी घेऊन मागं मागं. काकूंच्या घरी ही पुढं झाली. हात कमरेवर. मान तिरकी. मी मनात म्हणतोय, नको... नको म्हणूस...

"च्च! काकू, कोणी केलंय हो हे काम? अर्धा फेराच दिलेला नाही!"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"काय की बाई," काकू म्हणाल्या, "होता कुणीतरी. परदेशात शिकवायला गेला म्हणतात."

मी गुपचूप पाना पुढं केला.