वीस आंदोलनांचे एकशे साठ सेकंद

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे विभागप्रमुख सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, प्राध्यापक, कर्मचारी बंधुभगिनी आणि माझ्या वर्गमित्रांनो,

ज्या पोडियममागे मी उभा आहे, ते मी बनवलेलं आहे. अध्यक्षांसमोरचं टेबल, प्रयोगशाळेतली बत्तीस बाकं, तराजूंच्या काचेच्या पेट्या, भिंगांचे एकोणीस स्टँड, हे सगळं याच हातांचं. शाळा आठवीत सुटली, बाकीचं लेथवर शिकलो. पुढच्या परीक्षा बाहेरून दिल्या आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी सरांच्याच विभागात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. सकाळी वर्कशॉप, दुपारी वर्ग.

सरांविषयी चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. पहिल्या वर्षात जे शिकलो ते सरांमुळेच शिकलो, तेव्हा तेच बोलतो.

आमच्याकडे एक प्रयोग आहे. तारेला पितळी तबकडी टांगायची, पीळ देऊन सोडायची आणि वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं. मी मोजत बसलो होतो. शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "काका, मोजताय काय? जुन्या जर्नलमधून उतरवा ना. अडीचशे."

"माझे एकशे साठ येतायत, बाळ."

"मग घड्याळ बिघडलं असेल तुमचं."

घड्याळ ठीक होतं. तार वेगळी होती. नऊ वर्षांपूर्वी जुनी तार तुटली तेव्हा तशीच मिळेना, म्हणून शून्य पूर्णांक आठ मिलिमीटरच्या जागी एक मिलिमीटरची तार मीच बसवली. रजिस्टरमध्ये तारीख टाकली, खाली सरांची सही घेतली. जाड तार तबकडीला लवकर परत फिरवते, हे कळायला पदवी लागते का? नऊ वर्षं शेकडो मुलांनी अडीचशे लिहिलं आणि सरांनी प्रत्येक जर्नलवर सही केली. सरांच्या मार्गदर्शिकेतही अडीचशेच छापलेलं आहे.

सर, आपण आत्ता घड्याळाकडे बघताय. बघा, सवय लागलेली बरी.

तोंडी परीक्षेत मी तारेचं सांगितलं. सर हसले, वर्गाकडे वळून म्हणाले, "मिस्त्री, स्टूल बनवणं वेगळं आणि विज्ञान वेगळं." पन्नासपैकी सहा गुण. वर्ष गेलं. घरी बायकोला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "सहा कशाचे दिले, ते तरी विचारलंत का?" नाही विचारलं. फी पुन्हा भरली आणि त्याच बाकावर जाऊन बसलो. ज्यांच्यासाठी मी ती बाकं केली होती, ती मुलं पुढच्या वर्गात गेली. जाता येता "काय मिस्त्री, अजून पहिलंच?" म्हणायची. तो मान मला सरांनी मिळवून दिला.

दुसऱ्या खेपेलाही मी एकशे साठच लिहिलं. यंदा बाहेरून आलेल्या परीक्षकबाईंनी पदर खोचला, स्वतःचं घड्याळ काढलं आणि उभ्यानं वीस आंदोलनं मोजली. एकशे साठ. मग त्यांनी कपाटातली जुनी जर्नलं मागवली. त्या वेळी सरांना अचानक कसलीशी मीटिंग आठवली.

बाईंनी लिहिलेला अहवाल आता चौकशीत आहे. तार कधी बदलली, म्हणजे किती वर्षांची जर्नलं खोटी, एवढाच प्रश्न उरलाय. रजिस्टर अध्यक्षांच्या टेबलाच्या उजव्या खणात ठेवलं आहे. खण जरा वर उचलून ओढावा लागतो, लाकूड फुगलंय, तो दोष माझा.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घालावं. आकड्यांत चूक सापडली तर मात्र घालू नये, मला उभं करून विचारावं.

एक राहिलं. गेल्या मंगळवारी सरांनी मला घरी बोलावलं. वहिनी, चहा उत्तम होता. सर म्हणाले, तार गेल्याच वर्षी बदलली असं नवं पान लिहून द्या. त्या बदल्यात वर्कशॉप अधीक्षकाची जागा, शिवाय रोख दोन लाख चाळीस हजार. मी कप बशीत ठेवला आणि नाही म्हणालो.