हातभर खोल

परळला बसच्या रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं होतं. पाण्याच्या नळासाठी खणलेल्या खोल चरात दोघं वाकून बघत होती.

"अहो, वर मुरूम, मग गिरणीची राख, मग काळा चिखल. अन् तळाला काय चमकतंय?"

"शिंपले. समुद्र होता इथं, राधे. भर घालून चाळी उठवल्या."

"आपल्या चाळीखाली पण?"

"तर."

"रामदासची नाळ किती खोल पुरली होती तुम्ही?"

"कंबरभर. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून. ओली रेती लागली, तेव्हा थांबलो."

"रेती लागली?"

"गार होती. हातात घेऊन बसलो थोडा वेळ."

"म्हणून तो बोटीवर गेला. पोराचा पाय घरात कधी ठरलाच नाही."

"तिथं आत अजून भरती येत असेल गं."

"अन् तुम्ही संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात ओरडत होता, माझ्या पोराची नाळ मुंबईत पुरलीय म्हणून."

"खोटं कुठं होतं?"

"आता नातवाची नाळ गळली की वर मुरुमातच पुरा. हातभरच खणा."

"अन् कुत्री?"

"मी बसेन तिथं राखणीला."