कुरवाला दूध

— नाही हो, पेटी उघडू नका इतक्यात. आधी चहा घ्या, डॉ. अपूर्व. वनखात्याचे डॉक्टर मराठी निघाले, तेही इथे चंदीगडात, आणि मी त्यांना नुसत्या पाण्यावर घालवू? बसा. त्याला अंधार आवडतो. म्हणजे — अंशुमनच्या पाखमांजराला आवडायचा. माझा मुलगा. हो, तोच, फोटोतला. डोंगरातल्या उडणाऱ्या खारींवर काम करायचा. आमच्या गुहागरकडे पाखमांजर म्हणतात — ना पाखरू, ना मांजर! मी 'उडते' म्हटलं की चिडायचा. 'मम्मी, उडती नहीं, ग्लाइड करती है. चूहे की बहन है, यार.' एकदा तिचं अनाथ पिल्लू आणलं त्यानं, ह्याच पेटीत. कापूस, ड्रॉपरनं दूध, वर माझी शाल. अक्रोड कुरतडायला लागलं, तेव्हा रानात सोडून आला.

म्हणून हा कुरवही. सुखना तलावाच्या काठाशी पंख ओढत चालला होता, उचलून आणला. कापूस घातला, शाल घातली, दूध — काय? सस्तन नाही, ठाऊक आहे मला! समुद्रावर वाढलेली बाई मी, कुरव मासे खातो हे मला कळू नये? आमच्या होड्यांमागून थवे यायचे त्यांचे. कळत होतं हो. पण हात — हात तेच करत राहिले.

अंशुमन म्हणायचा, खारी वाचवणं सोपं. जुनी ढोलीची झाडं तोडू नका, झाडाला झाड लागून राहू द्या, बस. कुरवांचं अवघड. अंडी एका मुलखात, हिवाळा दुसऱ्यात, मधलं प्रत्येक पाणी जपायचं — कुणाकुणाचे पाय धरणार? खारींचं सोपं म्हणायचा, आणि तसलीच एक ढोली बघायला चढला. फांदी जुनी होती.

नाही, थांबा, उचलू नका! मी मासे आणते, खाली बाजारात रोहू मिळतो. टब भरते. कायदा माहीत आहे, जंगली पक्षी घरात ठेवत नाहीत, पण दोन दिवस — मान टाकली म्हणता? सकाळी डोळा उघडला होता त्यानं. माझ्याकडे बघत होता. मी त्याला विचारलंसुद्धा, भूक लागली का रे. किती दिवसांनी ह्या घरात कुणाला तरी —

काही नाही. न्या. शालीसकट न्या, थंडी आहे बाहेर. आणि जगो, न जगो, मला फोन करू नका. अंशुमन पडला तेव्हाही डॉक्टरांचाच आला होता, असाच हळू आवाज. चहा राहू दे, गार झाला. जा तुम्ही. दार मी लावते.